हाकेला ओ



वर्षावासाच्या या दिवसांत आपण रोज संध्याकाळी विहारात जमतो, परमपूज्य बाबासाहेबांच्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन करतो, वंदना म्हणतो आणि आपापल्या घरी जातो. आज वाचन आटोपल्यावर मी आपल्याला एका पक्ष्याची हकीकत सांगणार आहे. विहारात पक्ष्याची गोष्ट कशाला, असे कोणाच्या मनात येईल. परंतु ही करमणुकीची गोष्ट नाही. तिचा संबंध आपल्या पहिल्या शीलाशी आहे, प्रतीत्यसमुत्पादाशी आहे आणि या विहाराच्या मागे असलेल्या पाण्याच्या टाकीशीही आहे. टाकीचे नाव काढताच काहींनी माना खाली घातल्या. मीही घालतो. त्याविषयी शेवटी बोलेन.

हा पक्षी आपल्या देशातला नव्हे. पॅसिफिक महासागराच्या मध्यभागी हवाई नावाची बेटे आहेत. आज ती अमेरिकेचे एक राज्य आहेत. सर्वांत जवळचा खंडही तेथून साडेतीन हजार किलोमीटरांहून अधिक दूर. त्यांतील एका बेटाचे नाव काउआई. बेटाच्या मधोमध अलाकाई नावाचे उंच, दलदलीचे रान आहे. शेजारच्या वायआलेआले शिखरावर वर्षाला सरासरी ११,००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे आपल्या आंबोलीहूनही कितीतरी जास्त. त्या रानात आपल्या बुलबुलाएवढा एक काळसर पक्षी राहत असे. त्याच्या मांड्यांवर पिवळी पिसे होती, जणू पिवळी विजारच घातली आहे. फुलांतला मध आणि झाडावरचे किडे हा त्याचा आहार. जुन्या झाडांच्या ढोलीत तो घरटे करी.

त्या बेटांवरचे लोक त्याच्या आवाजावरूनच त्याला हाक मारीत. त्यांनी त्याचे नाव ठेवले ओओ.

आपल्या मराठीत ‘ओ’ म्हणजे काय, हे सांगायला नको. आईने हाक मारली की पोराने ओ द्यायची. हाकेला ओ देणारा कोणी आहे, म्हणजे घर भरलेले आहे. या पक्ष्यांत नर गाई आणि मादीही गाई. एकाने साद घालावी, दुसऱ्याने उत्तर द्यावे, असा त्यांचा संसार होता.

१८९० च्या दशकात हा पक्षी काउआई बेटावर सर्रास आढळत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी खालच्या रानांतून तो नाहीसा होऊ लागला आणि वर वर सरकत गेला. शेवटी अलाकाईच्या माथ्यावर काय ते थोडे उरले. १९६७ साली अमेरिकेच्या सरकारने नष्ट होण्याच्या मार्गावर असलेल्या प्राण्यांच्या यादीत त्याचे नाव घातले. १९७१ साली त्याचे घरटे अभ्यासकांना प्रथमच सापडले. १९८० चे दशक सुरू झाले तेव्हा एकच जोडी माहीत होती. २३ नोव्हेंबर १९८२ रोजी इवा नावाचे चक्रीवादळ बेटावर आले, झाडे मोडली, आणि त्यानंतर मादी कोणाला दिसली नाही.

नर मात्र राहिला. तो गात राहिला. १९८५ साली तो शेवटचा दिसला. १९८७ साली त्याचा आवाज शेवटचा ऐकू आला. त्याच्या गाण्याची ध्वनिमुद्रणे आहेत, ती आजही ऐकता येतात. तो साद घालतो, थांबतो, पुन्हा साद घालतो. ओ देणारे कोणीच नव्हते. सप्टेंबर १९९२ मध्ये इनिकी नावाचे दुसरे, अधिक मोठे वादळ आले. पुढे पुष्कळ शोध झाला, पण पक्षी सापडला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारने त्याचे नाव त्या यादीतून काढून टाकले. बरा झाला म्हणून नव्हे, तर उरलाच नाही म्हणून.

या पक्ष्याचे चार भाऊबंद होते. हवाईच्या निरनिराळ्या बेटांवर ते राहत. ते सगळे याच्या आधीच गेले होते. म्हणजे त्या दिवशी केवळ एक पक्षी गेला नाही, तर एक अख्खे कुळ संपले. त्या कुळाची एक मजेदार गोष्ट सांगतो. दीडशे-दोनशे वर्षे पंडित मंडळी त्यांना ऑस्ट्रेलियाकडच्या मध खाणाऱ्या पक्ष्यांच्या कुळात घालीत आली. का, तर चोच तशी दिसते, जीभ तशी दिसते. २००८ साली संग्रहालयांतल्या जुन्या कातड्यांवरून आनुवंशिक तपासणी झाली, तेव्हा कळले की या पक्ष्यांचे त्यांच्याशी काहीच नाते नाही. त्यांचे कुळ स्वतंत्रच होते. वरवर पाहून दुसऱ्याचे कुळ ठरवणाऱ्यांची कशी फसगत होते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. पण खरे कुळ कळले तेव्हा त्यातला एकही जिवंत नव्हता.

आता प्रश्न असा की, हा पक्षी गेला कशाने?

आपल्याकडे अशा प्रश्नाची ठरीव उत्तरे असतात. देवाची मर्जी. नशीब. पूर्वजन्मीचे पाप. कोणी म्हणेल, काळच तसा आला. तथागतांनी यांतले एकही उत्तर दिले नसते. त्यांची शिकवण अशी की, हे असेल तर ते होते, हे नसेल तर ते होत नाही. प्रत्येक गोष्टीला कारण असते, त्या कारणालाही कारण असते, आणि साखळीची एक कडी तुटली तर पुढचे घडत नाही. यालाच प्रतीत्यसमुत्पाद म्हणतात. बाबासाहेबांनी पूर्वजन्माच्या कर्माने या जन्मीचे दुःख ठरते ही कल्पना नाकारली, ती याच कारणासाठी. त्या कल्पनेने दुःखाचे कारण शोधण्याचे कामच संपून जाते. मग आपण या पक्ष्याची साखळी कडी-कडीने पाहू.

हवाई बेटांवर मुळात डास नव्हता. एकही नाही. तेथले पक्षी लाखो वर्षे डासाविना जगले. १८२६ साली वेलिंग्टन नावाचे एक जहाज मावी बेटाच्या लाहाइना बंदराला लागले. खलाशांनी पाण्याच्या जुन्या पिंपांतले पाणी ओढ्यात ओतले आणि नवे भरून घेतले. त्या शिळ्या पाण्यात डासांच्या अळ्या होत्या, असे त्या काळच्या हकीकतींवरून मानले जाते. खलाशांच्या मनात कोणाला मारण्याचा विचार नव्हता. त्यांनी फक्त पिंप धुतले.

ही पहिली कडी. पुढे लोकांनी हौसेने बाहेरदेशीचे पक्षी आणले, आणि त्यांच्या रक्तातून पक्ष्यांचा मलेरिया आला. बाहेरच्या पक्ष्यांना तो रोग पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीचा होता, ते तगत. बेटावरच्या पक्ष्यांची त्याच्याशी ओळखच नव्हती. तेथल्या काही जातींत रोगट डासाचा एकच चावा झालेल्या दहांपैकी नऊ पक्षी मरतात, असे प्रयोगांत दिसले आहे. ही दुसरी कडी.

तिसरी कडी डुकरांची. माणसांनी आणलेली डुकरे रानात सुटली. तेथे मोठाले वृक्षासारखे नेचे वाढतात. त्यांच्या खोडातला गर डुकरे पोखरून खातात. पोखरलेल्या खोडाची पन्हळ होते, पन्हळीत पावसाचे पाणी साचते, साचलेल्या पाण्यात डास अंडी घालतो. म्हणजे ज्या रानात उघडे तळे नव्हते, तेथे हजारो लहान लहान टाक्या तयार झाल्या. झाकण नसलेल्या टाक्या.

चौथी कडी उंदरांची. जहाजांतून आलेले उंदीर झाडावर चढून घरट्यातली अंडी-पिले खातात. पाचवी कडी रानाच्या तोडीची. सखल भागातले रान शेतीसाठी आणि गुरांसाठी गेले, आणि पक्ष्यांना डोंगर तेवढा उरला. उंच डोंगरावर थंडी असते, थंडीत डास व रोगजंतू वाढत नाहीत, म्हणून वरचे रान हाच त्यांचा आसरा होता. परंतु काउआईचा सर्वांत उंच माथा १,५९८ मीटरांचा, म्हणजे आपल्या कळसूबाईहून थोडा ठेंगणाच. हवा जसजशी उबदार होत गेली तसतसा डास वर चढू लागला. पक्षी माथ्यावर पोचलेला. त्याच्या वर आकाश होते, रान नव्हते. आणि अशा वेळी वादळ आले.

लोक म्हणतात, वादळाने पक्षी गेला. वादळे त्या बेटावर हजारो वर्षे येत आहेत. शंभर जोड्या असत्या तर वादळात वीस गेल्या असत्या, ऐंशी राहिल्या असत्या. जोडी एकच उरली होती, म्हणून वादळाला ती संपवता आली. गरिबाच्या घरी एका आजाराने घर बुडते, तेव्हा लोक म्हणतात आजाराने बुडाले. पण आजार येण्याआधी घरात काहीच शिल्लक का उरले नव्हते, हे कोणी विचारत नाही. शेवटच्या कडीला दोष देणे सोपे असते, कारण ती डोळ्यांसमोर असते.

आता या साखळीतली सर्वांत चटका लावणारी गोष्ट ऐका. तिचा संबंध आपल्या देशाशी आहे.

मलेरिया या शब्दाचा अर्थच मुळी ‘वाईट हवा’. दलदलीच्या हवेने ताप येतो, अशी युरोपातल्या शिकलेल्या लोकांचीही समजूत होती. आपल्या गावांत तापाला देवीचा कोप म्हणत, कोणी करणी म्हणे, कोणी कोंबडे कापी. रोनाल्ड रॉस नावाचा लष्करी डॉक्टर, जन्माने अल्मोड्याचा, याने २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डासाच्या पोटात माणसाच्या मलेरियाचा जंतू पाहिला. पुढच्या वर्षी, १८९८ साली, त्याला कलकत्त्यात माणसांवर काम करण्याची सोय झाली नाही, तेव्हा त्याने पक्षी घेतले. महंमद बक्ष नावाचा त्याचा मदतनीस डास आणी, पाळी, जपे. पुस्तकांत रॉसचे नाव मोठ्या अक्षरांत असते, या मदतनिसाचे क्वचितच असते. असो. या दोघांच्या कामातून सिद्ध झाले की, आजारी पक्ष्याला चावलेला डास निरोगी पक्ष्याला चावला की तो पक्षीही आजारी पडतो. हवा नाही, कोप नाही, करणी नाही. रोग नेणारा डास आहे. १९०२ साली रॉसला नोबेल पारितोषिक मिळाले.

उपासकांनो, कलकत्त्यातल्या त्या पक्ष्यांच्या रक्तात जो जंतू होता, तोच जंतू हवाईच्या पक्ष्यांना मारणारा. ज्या जातीच्या डासाने तो नेला, त्याच जातीचा डास लाहाइनाच्या ओढ्यात उतरला होता. म्हणजे १८९८ साली, जेव्हा ओओ पक्षी काउआईवर गात होता, तेव्हा त्याला मारणाऱ्या रोगाची रीत कलकत्त्यात कळून चुकली होती. आणि हवाईचे पक्षी डासांनी आणलेल्या रोगांनी मरत आहेत हे प्रयोगांनिशी मांडणारा रिचर्ड वॉर्नर यांचा निबंध प्रसिद्ध झाला १९६८ साली. मध्ये सत्तर वर्षे गेली. ज्ञान जगात होते, पक्षी जगात होता, दोघांची गाठ घालून देणारा कोणी नव्हता.

अविद्या म्हणजे अडाणीपणा असे आपण समजतो. ती तेवढीच नसते. माहिती असून ती दुःखाला जोडून न पाहणे, ही सुद्धा अविद्याच. आणि १९६७ साली नाव यादीत घातले, यादी छापली, वीस वर्षांनी आवाज बंद झाला. नाव यादीत घालणे म्हणजे रक्षण नव्हे. शील तोंडाने म्हणणे म्हणजे शील पाळणे नव्हे.

आता टाकीची गोष्ट सांगतो.

सन २०१९ च्या पावसाळ्यात आपल्या वस्तीतला नऊ वर्षांचा एक मुलगा तापाने गेला. त्याचे नाव मी घेत नाही, आपण सारे ते जाणता. चार दिवस ताप अंगावर काढला, मग रक्त तपासले, मलेरिया निघाला, तोवर उशीर झाला होता. त्याच्या पुण्यानुमोदनाचा विधी बौद्धाचार्य या नात्याने मीच केला. मी अनित्यतेवर बोललो. किसागोतमीची गोष्ट सांगितली. मेलेले मूल उराशी धरून ती औषध मागत फिरली, ज्या घरी कोणी मेले नाही त्या घरची मोहरी आणायला तथागतांनी तिला सांगितले, आणि दारोदार फिरून तिला कळले की असे घरच नाही. मला वाटले, मी चांगले बोललो.

विधी संपल्यावर त्या मुलाची आजी माझ्याजवळ आली. ती शाळेत गेलेली नाही, पण वर्षावासाचे एकही वाचन तिने कधी चुकवलेले नाही. ती म्हणाली, “गुरुजी, समदं अनित्य हाय, त्ये मला कळतंय. पर इहाराच्या मागल्या टाकीचं झाकण बी अनित्यच व्हतं का? दोन वरसं झाली, तुटल्यालं हाय. तुमी बी बगितलंय, म्या बी बगितलंय.”

मी तिला उत्तर दिले नाही. तिने हाक मारली होती, मी ओ दिली नाही.

त्या टाकीतल्याच डासाने त्या पोराला ताप दिला, असे मी म्हणू शकत नाही. नाही दिला, असेही म्हणू शकत नाही. त्या टाकीत अळ्या वळवळताना मी स्वतः पाहिल्या होत्या. मनात म्हटले होते, समितीच्या बैठकीत विषय काढू. बैठका झाल्या. जयंतीच्या वर्गणीचा विषय निघाला, मिरवणुकीचा निघाला, झाकणाचा निघाला नाही. तो खलाशांनी ओतलेल्या पाण्यासारखा प्रकार झाला. कोणाच्या मनात पाप नव्हते, आणि तरीही साखळी पुढे चालली.

त्या रात्री मी पुष्कळ विचार केला. किसागोतमीची गोष्ट मी चुकीच्या जागी सांगितली, हे मला कळले. तथागतांनी तिला मोहरी मागायला पाठवले ते मूल गेल्यानंतर. मूल आजारी असताना ती आली असती, तर तथागत काय म्हणाले असते? याचेही उत्तर आपल्या परंपरेत आहे. एक भिक्षू पोटाच्या विकाराने स्वतःच्या मलमूत्रात पडला होता, दुसरे भिक्षू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तेव्हा तथागतांनी त्याला अनित्यतेवर प्रवचन दिले नाही. त्यांनी पाणी मागवले, आनंदाला बरोबर घेतले आणि त्याला स्वतःच्या हातांनी धुतले. मग इतर भिक्षूंना बोलावून विचारले की, तुम्ही एकमेकांची शुश्रूषा करणार नाही तर कोण करणार?

अनित्यता हे दुःखितांचे सांत्वन आहे, निष्काळजी माणसाची सबब नव्हे. उलट, सर्व काही अनित्य आहे म्हणूनच जपायचे असते. जे कधीच मोडत नाही त्याला कोण जपेल? आणि दुःख अनित्य आहे, रोगाची साखळीही अनित्य आहे, म्हणून तर ती तोडता येते. ती नित्य असती तर तथागतांचा मार्गच व्यर्थ ठरला असता.

येथे काही उपासक मला विचारतात की, गुरुजी, डास मारला तर पहिले शील मोडते काय? हा प्रश्न थट्टेचा नाही. प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे आपण रोज म्हणतो आणि घरात औषध फवारतो, हे कसे? बाबासाहेबांनी याविषयी स्पष्ट लिहिले आहे. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत बुद्धांनी भेद केला, असे त्यांनी दाखवून दिले. शील हे तत्त्व आहे, डोळे मिटून पाळायचा नियम नव्हे. लेकराच्या जिवासाठी डास मारावा लागला तर ती मौजेची हिंसा नव्हे. परंतु गरज कोणती आणि आळस कोणता, हे ओळखायला प्रज्ञा लागते. टाकीवर झाकण घातले असते तर मारायला डासच नसता. ज्याने झाकण घातले नाही, त्यालाच पुढे फवारा हाती घ्यावा लागतो. अहिंसेचे काम आधी झाकणाचे आहे, फवाऱ्याचे नंतर.

हवाईतले लोक आता काय करीत आहेत पाहा. ओओ गेला, परंतु मध खाणाऱ्या इतर काही लहान पक्ष्यांच्या जाती अद्याप तग धरून आहेत. काउआईवरचा अकिकिकी रानात जवळजवळ नाहीसाच झाला आहे, त्याला माणसांच्या देखरेखीखाली जपून ठेवले आहे. २०२३ च्या अखेरीपासून आधी मावी बेटावर आणि पुढे काउआईवर एक उपाय सुरू झाला. प्रयोगशाळेत वाढवलेले नर डास रानात सोडतात. नर डास चावत नाही. या नरांच्या अंगी एक वेगळा सूक्ष्म जंतू असतो, त्यामुळे रानातल्या मादीशी त्यांचा संयोग झाला तरी अंडी उबत नाहीत. विष नाही, फवारा नाही. साखळीची कोणती कडी तोडली तर कमीत कमी इजा होईल, ते शोधून तीच कडी तोडायची. हे लोक बौद्ध आहेत की नाहीत, हे विचारण्याचे कारण नाही. दुःख पाहिले, त्याचे कारण शोधले, कारण दूर करण्याचा मार्ग धरला. ही रीत आपल्या ओळखीची आहे. यश किती येईल ते पुढे दिसेल. पण ते स्वस्थ बसलेले नाहीत. ओओसाठी हे सारे उशिरा झाले.

उपासक-उपासिकांनो, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्या लोकांना २२ प्रतिज्ञा दिल्या. त्यांतली तेरावी आपण सगळे म्हणतो. प्राणिमात्रांवर दया करण्याची ती प्रतिज्ञा आहे. पण ती तेथेच थांबत नाही. दयेच्या जोडीला त्यांचे पालन करण्याचेही आपण कबूल केले आहे. दया मनात होते, पालन हातांनी करावे लागते. ओओ पक्ष्याचा आवाज ऐकून ज्यांचे डोळे भरून येतात, त्यांच्या मनात दया आहे यात शंका नाही. त्या मुलाच्या तिरडीमागे चालताना आपण सगळे रडलो, आपल्याही मनात दया होती. पालन राहून गेले होते.

म्हणून आता मी आपल्यापुढे एक साधी गोष्ट ठेवतो. त्या दुःखद घटनेनंतर टाकीला पत्र्याचे झाकण बसवले, हे खरे. पण या पावसात ते एका बाजूने उचकटले आहे. काल मी चढून पाहिले. येत्या रविवारी सकाळी वंदनेनंतर आपण टाकी रिकामी करून घासू, झाकण नीट बसवू, वर जाळी बांधू. ज्यांच्या घरी पिंपे आहेत, कुंड्यांखाली ताटल्या आहेत, छपरावर जुने टायर आणि अंगणात नारळाच्या करवंट्या आहेत, त्यांनी त्याच दिवशी त्या कोरड्या कराव्यात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक दिवस सगळे पाणी ओतून भांडी कोरडी केली की साखळी तेथेच तुटते. सरकारी आरोग्यखात्याची माणसे याला कोरडा दिवस म्हणतात. आपण त्याला आपल्या उपोसथाचाच एक भाग मानू. मुलांना अळी कशी दिसते ते दाखवा. देवीचा कोप नाही, करणी नाही, ही अळी आहे, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्या. ज्याने एकदा कारण पाहिले, त्याला पुन्हा कोणी कोंबडे कापायला लावू शकत नाही.

ती आजी आज येथे समोर बसली आहे. सन २०१९ मध्ये तिने मला जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर मी आज सर्वांच्या देखत देतो. आजी, झाकण तुटले ते अनित्यतेमुळे. दोन वर्षे तुटलेले राहिले ते आमच्या प्रमादामुळे. या दोन गोष्टी मी त्या दिवशी एक केल्या. तुमचे लेकरू मला परत आणता येत नाही. पण तुम्ही घातलेली हाक ऐकू आली, एवढे तरी सांगतो.

दूरच्या बेटावरच्या त्या पक्ष्याने वर्षानुवर्षे साद घातली आणि त्याला ओ मिळाली नाही. आता ती देणे कोणाच्याच हाती राहिलेले नाही. परंतु आपल्या वस्तीत हाक मारणारे अजून आहेत. रविवारी सकाळी येताना घरातून खराटा आणि बादली घेऊन या.

सर्वांचे मंगल होवो. नमो बुद्धाय. जय भीम.